पेटी माळ्यावर जाण्यापूर्वी



वैनगंगेच्या काठावरील या प्राचीन नगरीत आज पालकांची बैठक भरली आहे आणि तिचा विषय अगदी घरगुती आहे. मुलाने वा मुलीने वाद्य हाती घेतले, काही महिने हौसेने वाजवले आणि मग ते बसेनासे झाले, तर घरच्यांनी काय करावे? प्रश्न लहान वाटतो. परंतु पवनीतल्या किती घरांत आज खोळ घातलेली पेटी किंवा पलंगाखाली सरकवलेला तबला-डग्गा सापडेल, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा, म्हणजे तो किती मोठा आहे ते कळेल.

क्रम बहुधा ठरलेला असतो. दसऱ्याला पेटी घरी येते. तिला हळद-कुंकू वाहिले जाते, शिकवणाऱ्या गुरुजींपुढे नारळ ठेवला जातो. दिवाळीत पाहुण्यांसमोर सरगम वाजते आणि आजीचे डोळे भरून येतात. संक्रांतीपर्यंत ‘बस रे’ म्हणून दोनदा सांगावे लागते, होळीपर्यंत चारदा. मग परीक्षा येतात. पेटीवर खोळ चढते. उन्हाळ्यात घरात पाहुणे मावेनासे झाले की ती अडचणीची ठरते आणि माळ्यावर जाते. पावसाळ्यात भात्याला उंदीर लागतात, दमट हवेने पट्ट्या फुगतात, दाबलेला स्वर वर येत नाही. पुढच्या दसऱ्याला ती खाली काढली तरी वाजत नाही. ज्या घरात धान विकून आलेल्या पैशांतून ती घेतलेली असते, त्या घरात हे सारे एकाच वाक्यात मिटवले जाते, “त्याला आवडच नव्हती.”

या वाक्यापाशी थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक नुकसान तेथेच होते. आवड असेल तर मूल आपणहून बसेल आणि बसत नाही त्या अर्थी आवड नाही, असा हा तर्क आहे. दिसायला सरळ, पण खोटा. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिन शिकणाऱ्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट होते, अत्युत्तम, चांगले आणि पुढे शाळेत संगीतशिक्षक होऊ पाहणारे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाचे तास मोजले तेव्हा पहिल्या गटाची सरासरी ७,४१०, दुसऱ्याची ५,३०१ आणि तिसऱ्याची ३,४२० निघाली. जगभर गाजले ते हे आकडे. पुढे २०१९ मध्ये असाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा अत्युत्तम आणि चांगले यांच्यातील तासांचा फरक उरला नाही, तिसरा गट मात्र मागेच राहिला. म्हणजे तास पुष्कळ काही सांगतात, सगळे सांगत नाहीत. परंतु त्याच मूळ अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि आईबापांच्या उपयोगाची तीच आहे. या तरुणांना निरनिराळ्या कामांचे महत्त्व आणि त्यांतील आनंद यांना गुण द्यायला सांगितले होते. एकट्याने बसून सराव करणे हे सर्वांनी सर्वांत महत्त्वाचे ठरवले, आनंदाच्या बाबतीत मात्र त्याला फार वरचे स्थान दिले नाही. आयुष्य संगीताला वाहून घेतलेल्या विशीतल्या तरुणांना जर सराव हे कष्टाचे काम वाटते, तर आठ वर्षांच्या मुलाने सायंकाळी मैदानावरचा खेळ सोडून हसत-हसत पलटे घोटावेत, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची?

मुलाचे वाद्यावर प्रेम असू शकते आणि त्याच वेळी रियाजाचा कंटाळाही असू शकतो. दोन्ही एकाच मुलात, एकाच दिवशी राहतात. कंटाळा दिसला म्हणून प्रेम नाही असे ठरवणे म्हणजे रोवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भात आवडत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

मग मूल बसते कशाने? याचे उत्तर शोधायला पवनीकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. ही नगरी मागांची आहे. तलम सुती वस्त्रासाठी आणि रेशीमकाठी लुगड्यांसाठी तिचे नाव होते. कोष्ट्यांच्या घरात माग कोठे असे? तो माळ्यावर नसे, खोळीतही नसे. तो घराच्या मुख्य जागेत, येण्याजाण्याच्या वाटेवर असे. रांगणारे मूल त्याच्या आवाजात झोपे. चालू लागले की सुताच्या गुंत्याशी खेळे, थोडे मोठे झाले की कांड्या भरायला बसे. त्याला कोणी ‘विणकामाची आवड आहे का’ असे विचारले नाही आणि ‘आज अर्धा तास विणलेच पाहिजे’ असेही बजावले नाही. बाप मागावर आहे, आई सूत उकलते आहे आणि त्या कामात आपल्यालाही एक लहानसे काम आहे, एवढेच त्याला दिसत असे. त्या व्यवस्थेत मुलांच्या वाट्याला आलेल्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शाळा बुडाल्या, पाठी वाकल्या, हेही तितकेच खरे. पण हात कसे तयार होतात, हे त्या घराला कोणा मानसशास्त्रज्ञाने सांगावे लागले नाही.

आता त्याच्याशेजारी आजचे चित्र ठेवावे. मूल आतल्या खोलीत एकटे, दार लोटलेले, बाहेर दूरदर्शन संच चालू, वडिलांच्या हातात मोबाइल, आणि दर दहा मिनिटांनी हाक येते, “आवाज का बंद झाला?” मोठ्या माणसालाही अशा कोठडीत पंधरा मिनिटे काढणे जड जाईल.

तबल्याचे नाव घेतले की झाकीर हुसेन यांचे नाव येतेच. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अनेक घरांत त्यांच्या बालपणाची गोष्ट पुन्हा सांगितली गेली आणि ती बहुधा अर्धवट सांगितली गेली. पहाटे तीनला उठून रियाज, एवढाच भाग पालकांना आवडतो. स्वतः झाकीर हुसेन यांनी सांगितलेली हकीकत याहून बरीच वेगळी आहे. ते माहीमच्या घरात वाढले. वडील उस्ताद अल्लारखाँ दौऱ्यांमुळे पुष्कळदा बाहेर असत. आईला मुलाने शिकून नोकरी करावी असे वाटे आणि तबल्याला तिचा विरोधच होता. मुलगा सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला खरोखर शिकायचे आहे का, असे विचारले. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीन ते सहा अशी शिकवणी सुरू झाली. त्या तीन तासांत तबल्यावर हात थोडा आणि तोंडाने बोल म्हणणे, तालाच्या, घराण्यांच्या, जुन्या उस्तादांच्या गोष्टी ऐकणेच अधिक असे. म्हणजे पहाटे तीनला एकटे मूल उठत नव्हते, हिंदुस्थानातला एक थोर तबलावादक दौऱ्याचा शीण अंगावर घेऊन त्याच्यासोबत उठत होता. आणि त्याआधी मुलाला विचारले गेले होते. पहाट घ्यायची आणि या दोन गोष्टी सोडायच्या, असे कोणी करू नये.

शेजारच्या विद्यार्थ्याचे उदाहरण देण्याची खोडही याच जातीची. “पाटलांच्या मुलीने दुसरी परीक्षा दिली, तू अजून पहिल्या पानावर” हे वाक्य ऐकून आजवर कोणाचा हात सुधारलेला नाही. पाटलांच्या मुलीवर राग मात्र धरला जातो आणि दोघे एकत्र वाजवू शकले असते ते राहून जाते.

परंतु ज्या घरात कोणालाच संगीत येत नाही त्या घराने काय करावे, ही शंका रास्त आहे. जपानमधील मात्सुमोतो येथे दुसऱ्या महायुद्धानंतर शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची पद्धत रुजवली. मातृभाषा जशी ऐकून-ऐकून येते तसे संगीतही येईल, हा तिचा पाया. त्यात मुलाच्या आधी आईला थोडे वाजवायला शिकवतात आणि मुलाला ते नुसते पाहू देतात. आईच्या हातातले वाद्य मुलाला हवेसे झाले की मग त्याच्या मापाचे वाद्य त्याला मिळते. आई त्यातून वादक होत नाही, होण्याची गरजही नसते. एखादा अलंकार किती अवघड असतो हे तिच्या बोटांना कळते, आणि मग ‘एवढेही जमत नाही?’ हा प्रश्न तिच्या तोंडून येणे बंद होते. पवनीतील एखाद्या मातेने गुरुजींकडून सात स्वर आणि एक साधा पलटा शिकून घेतला तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? आणि तेही शक्य नसेल तर सायंकाळी तांदूळ निवडताना मुलाजवळ बसावे आणि त्रितालाच्या सोळा मात्रा हाताने मोजाव्यात. टाळी कुठे आणि खाली कुठे एवढे मूलच तिला शिकवील. ज्याला शिकवण्याचा मान मिळाला ते मूल दुसऱ्या दिवशी तयारी करून बसते, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला विचारावा.

दुसरी तक्रार गुरूंविषयी असते. नागपूर येथून सुमारे ८० किलोमीटर. तेथे मोठे वर्ग आहेत, येथे काय आहे? भजनी मंडळात पेटी धरणारे एखादे काका, नाटकाच्या हंगामात ढोलकी वाजवणारा एखादा तरुण, देवळात तबल्याची साथ करणारे निवृत्त गुरुजी. अशांकडे मूल पाठवले तर पाया कच्चा राहील, अशी भीती सुशिक्षित घरांत विशेष असते. बेंजामिन ब्लूम यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत झालेल्या आणि १९८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॉरेन सोस्नियाक यांनी तेथील २१ नामवंत पियानोवादकांच्या बालपणाची चौकशी केली. त्यांचे पहिले शिक्षक कोण होते? बहुतेक वेळा त्याच वस्तीतले, फारसे नाव नसलेले, पण मुलांवर माया करणारे. त्या वादकांना आठवत होते ते हे की शिक्षक प्रेमळ होते आणि शिकवणीला जायला बरे वाटे. शिस्तीचे, नावाजलेले गुरू पुढे आले, वाद्याची गोडी लागल्यावर. म्हणून भजनी मंडळातील काकांना कमी लेखू नये. मूल त्यांच्याकडून हसत परत येत असेल तर पहिली दोन वर्षे सार्थकी लागली असे समजावे. हाताची ठेवण आणि स्वराचा खरेपणा एवढ्याच गोष्टी अधूनमधून जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, कारण चुकीच्या सवयी पुढे फार त्रास देतात.

विदर्भाच्या मातीतले वसंतराव देशपांडे घ्या. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म, आईने एकटीने वाढवलेले मूल, आणि नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे मिळालेली तालीम. पुढे त्यांची गायकी सर्व महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण ते तबला आणि पेटीही जाणकारीने वाजवीत आणि आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी सैन्याच्या लेखा खात्यात कारकुनी केली. पोटाचा धंदा वेगळा आणि संगीत वेगळे, ही सोय त्यांच्या पिढीने गैर मानली नाही. ‘पुढे याचे काय करणार?’ हा प्रश्न विचारून पेटी बंद करणाऱ्या वडिलांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पु. ल. देशपांडे यांची ओळख लेखक म्हणून, पण पेटी त्यांनी जन्मभर सोडली नाही.

आता प्रत्यक्ष रियाजाकडे वळू. येथे मुलांपेक्षा मोठ्यांचे अज्ञान अधिक आडवे येते. आवाज चालू आहे म्हणजे सराव चालू आहे, असे घरी मानले जाते. ऑस्ट्रेलियातील गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी नवशिक्या मुलांच्या घरच्या सरावाची चित्रफीत घेऊन ती बारकाईने पाहिली. वाजवण्याच्या वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ मुले तुकडा आरंभापासून शेवटपर्यंत नुसता वाजवीत जात. चूक झाली तर पुढे जात, किंवा तो एक स्वर पुन्हा दाबून पुढे जात. चुकलेली जागा वेगळी काढून, हळू लयीत घोटून, मग मूळ तुकड्यात बसवणे जवळजवळ कोणीच करीत नसे. याचा परिणाम उघड आहे. रोज अर्धा तास बसूनही महिन्याने तीच चूक तेथेच राहते. मुलाला वाटते आपल्यात काही नाही, आईला वाटते मूल लक्ष देत नाही, आणि दोघांचेही चुकते.

तबल्याचा नवा कायदा असेल तर पहिल्या दिवशी चारच बोल घ्यावेत. ते आधी तोंडाने म्हणावेत, हातावर टाळी देत म्हणावेत, मग इतक्या संथ लयीत वाजवावेत की चूक होऊच शकणार नाही. लय वाढवण्याची घाई मुलाला असते, ती तेवढी आवरावी. पेटीवर उजव्या हाताची बोटे अडखळतात ती नेमकी कोणत्या दोन स्वरांमध्ये, हे मुलालाच शोधू द्यावे. संगीत न येणाऱ्या बापानेही रोज एक प्रश्न विचारावा, “आज कुठली जागा अडली?” मूल ती जागा वाजवून दाखवील. चार दिवसांनी तीच जागा सुटली की त्याची दखल घ्यावी. ‘छान, छान’ असे उगीच म्हणण्यापेक्षा ‘ती अडलेली जागा आज सुटली’ हे शब्द मुलाला अधिक धीर देतात, कारण ते खरे असतात आणि कोणीतरी ऐकत होते हे त्यातून कळते. सात-आठ वर्षांच्या मुलाला सकाळी पंधरा आणि सायंकाळी पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. मात्र वेळ ठरलेली असावी, दात घासण्याला असते तशी, म्हणजे रोज नव्याने भांडण होत नाही.

याच संशोधकांच्या पाहणीत एका मुलीची नोंद आहे. शिक्षकांनी दिलेले धडे ती वर सांगितल्याप्रमाणेच वरवर वाजवून मोकळी होई. एकदा मात्र एक चाल तिने स्वतः शिक्षकांकडे मागून घेतली. ती वाजवताना तिची रीत पार बदलली. ती थांबू लागली, चुकलेल्या जागेवर परत येऊ लागली, गुणगुणू लागली, हळू लयीत घोटू लागली. प्रत्येक स्वरावर ती घालवीत असलेला वेळ कितीतरी पटींनी वाढला. चांगला सराव कसा करायचा हे तिला कोणी नव्याने शिकवले नव्हते. मुलाने चित्रपटातील गाण्याची चाल पेटीवर काढायला घेतली की कपाळावर आठी घालणाऱ्या आजोबांनी ही नोंद मनावर घ्यावी. अभिरुची घडवायची ती घडेलच, घरात चांगले संगीत कानावर पडत असेल तर. पण आठवड्यातील एक चाल मुलाच्या मनाची असू द्यावी, मग ती आरती असो, झाडीपट्टीच्या नाटकातले पद असो की टीव्हीवरचे गाणे.

आमिषांचे काय? ‘महिनाभर बसलास तर सायकल’ हा प्रकार घरोघरी चालतो. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका बालवाडीत चित्र काढण्याची मूळचीच हौस असलेल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना सांगितले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर बक्षिसाच्या कराराने काढणारी मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढीत होती. हौसेची मजुरी झाली होती. न सांगता, मागाहून दिलेल्या बक्षिसाने असे बिघडले नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. तेव्हा मुलाने वर्षभर निष्ठेने वाजवले आणि आजीने कौतुकाने हातावर काही ठेवले तर त्यात वावगे नाही. सौदा मात्र नको.

परीक्षा हेही आमिषच, थोडे सभ्य. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. कुरुंदवाडला जन्मलेल्या, फटाक्याच्या अपघाताने लहानपणीच दृष्टी अधू झालेल्या या पुरुषाने मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली आणि मग संगीत राजदरबारातून काढून सामान्य गृहस्थाच्या घरात आणले. त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज गावोगाव दिल्या जातात. पवनीसारख्या ठिकाणच्या मुलाला मुंबई-पुण्याच्या मुलाच्या बरोबरीने एक क्रम, एक मोजमाप मिळते, हे त्या परीक्षांचे उपकार आहेत. पण वर्षाला नेमलेले तेवढेच राग, तेवढेच ताल, परीक्षा झाली की चार महिने वाद्याला हात नाही, असे होऊ लागले तर काय उपयोग? दहावीला शास्त्रीय कला आणि लोककला यांतील प्रावीण्याबद्दल राज्यात वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी सुरू झालेला तबला दहावीच्या निकालाबरोबरच संपतो. विष्णु दिगंबरांनी आपल्या निवडक शिष्यांकडून नऊ-नऊ वर्षे राहून शिकण्याचा करार करून घेतला होता. त्यांना प्रमाणपत्राची घाई नव्हती.

दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी आणखी एक गोंधळ घातला. २००८-०९ मध्ये मराठी वाहिनीवर लहान मुलांच्या गाण्याचा कार्यक्रम घराघरांत पाहिला गेला. त्या मुलांचे गाणे खरोखर गोड होते. परंतु पाहणाऱ्या पालकांच्या मनात एक घड्याळ टिकटिकू लागले. दहाव्या वर्षी तो तेथे उभा आहे, मग आपला का नाही? मंचावर दिसतो तो फुलोरा. त्यामागची वर्षे दाखवायला वाहिनीपाशी वेळ नसतो.

मुलाला वाजवण्यासाठी जागा हवी, हे मात्र या स्पर्धांनी अचूक ओळखले. आणि त्या बाबतीत भंडारा जिल्ह्याइतका भाग्यवान मुलूख थोडा असेल. दिवाळी झाली, धान घरात आले की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, रात्र-रात्र नाटके चालतात. पहाटेपर्यंत पेटी आणि तबला-ढोलकी थांबत नाही. या झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिचा पत्ता लागला असे म्हणावे लागेल. आपल्या मुलांना मंचासमोरच्या गर्दीत बसवतो, तसे एकदा वाद्यवृंदाच्या बाजूला नेऊन बसवावे. पेटीवाला नटाचे पद कसे उचलतो, नट स्वर चुकला तर त्याला कसा सावरून घेतो, हे हाताच्या अंतरावरून पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी पलटे वेगळ्या मनाने वाजवते. रात्रभराच्या जागरणाने एक दिवस शाळा बुडाली तर बुडू द्यावी.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीसारखे साधे वाद्य हाती घेऊन सारा विदर्भ जागवला. त्यामुळे खंजिरी भजनाची मंडळे या भागात आजही आहेत, आणि तेथे नवख्यालाही हाती काहीतरी मिळते. ज्यांची मुले शाखेत जातात त्यांना घोष ठाऊक आहे. शंख, वेणू, आनक, पणव आणि भारतीय रागांवर बांधलेल्या रचना. त्रिभुज वाजवणारा सर्वांत लहान बालस्वयंसेवकही त्या पथकात पाऊल मिळवून चालतो आणि त्याचा ठोका चुकला तर सर्वांना कळते. एकट्या खोलीत चुकलेला ठोका कोणालाच कळत नाही, म्हणून तो सुधारतही नाही. सांघिक वादनात मूल घरी का बसते याचे कारण त्याला कोणी सांगावे लागत नाही. परवा सर्वांबरोबर वाजवायचे आहे, एवढे पुरते.

मुलींचा उल्लेख येथे मुद्दाम करायला हवा. पेटी आणि सतार मुलीला, तबला मुलाला, अशी वाटणी अजून कित्येक घरांत होते. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी तबल्याच्या एकलवादनात नाव मिळवले, त्यांचा जन्म १९४० चा. म्हणजे हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वीच सुटलेला आहे. ज्या मुलीची बोटे ताटावर ठेका धरतात तिला तबलाच द्यावा.

आणि तरीही एखादे मूल ‘मला सोडायचे आहे’ असे म्हणते. तेव्हा काय? त्या दिवशी, त्या क्षणी होकार वा नकार देऊ नये. मूल असे बहुधा वाईट दिवशी म्हणते, एखादी जागा अडलेली असते, गुरुजी रागावलेले असतात. ‘मंडईपर्यंत वाजव, मग बसून ठरवू’ अशी मुदत द्यावी आणि मुदत संपल्यावर खरोखर बसून ठरवावे, शब्द फिरवू नये. मध्यंतरी हे पाहावे की वाद्य त्याच्या मापाचे आहे का. लांब बासरीची भोके लहान बोटांनी झाकली जात नाहीत आणि दोष मुलाच्या फुंकरीला दिला जातो. उन्हाळ्यात पवनीच्या कडक हवेत तबल्याची पुडी ताणून स्वर चढतो, तो लावून घेतलेला नसेल तर बेसूर वाद्यावर कोणाचे मन रमेल? कधी वाद्यच बदलावे लागते. हरिप्रसाद चौरसिया यांचे वडील पहिलवान, मुलानेही आखाड्यात उतरावे ही त्यांची इच्छा. मुलगा लपून संगीत शिकत राहिला. ही गोष्ट सांगून कोणी मुद्दाम विरोध करण्याची युक्ती काढील, तर तो खुळेपणा होईल. तिच्यातून एवढेच घ्यावे की मुलाचे मन कोठे आहे हे वडिलांना ठाऊक असतेच असे नाही. आणि मुदत संपल्यावरही मूल नको म्हणाले, तर न रागावता मोकळे करावे. अपमान न होता सुटलेले वाद्य चाळिशीत पुन्हा हाती येते, मारून-मुटकून सुटलेले येत नाही.

मॅकफर्सन यांच्याच एका अभ्यासातील गोष्ट राहिली. वाद्य शिकायला लागणाऱ्या १५७ मुलांना त्यांनी पहिल्या धड्याच्याही आधी एक साधा प्रश्न विचारला होता, “तू हे किती काळ वाजवणार आहेस?” कोणी म्हणाले या वर्षी, कोणी म्हणाले शाळा संपेपर्यंत, कोणी म्हणाले जन्मभर. काही काळाने पाहिले, तर सराव थोडा करणारी पण ‘जन्मभर’ म्हणणारी मुले, सराव पुष्कळ करणाऱ्या पण ‘या वर्षापुरते’ म्हणणाऱ्या मुलांच्या पुढे होती. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मनात ‘जन्मभर’ हा शब्द येतो कोठून? त्याने आयुष्यभर वाजवणारे कोणी पाहिलेले असते, म्हणून येतो.

पवनीत असे पाहायला मिळण्याचा काळ ठरलेला आहे. कार्तिकात पहाटेची काकडआरती सुरू होते. नदीवरून गार वारा येत असतो, देवळात सत्तरीचे आजोबा पेटी उघडतात, त्यांच्या शेजारी पन्नाशीतला कोणी मृदंग धरतो. मुलाला अंगावर शाल देऊन तेथे न्यावे आणि त्याच्या हाती टाळ द्यावेत. पेटीवर त्याला काय येते हे त्या पहाटे कोणी विचारू नये. चार-सहा दिवसांनी ते आजोबा आपणहून थोडे सरकून त्याला जागा करून देतात आणि भात्यावर त्याचा हात ठेवतात.